अक्काच्या तेवीस वह्या ७२ रुपयांना गेल्या : आमच्या चर्चच्या कमिटीला खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब आणि कमिटीतले सगळे वडीलधारे,

सलाम.

मी अक्काची नात. तुम्ही सगळे मला लहानपणापासून ओळखता, संडे स्कूलच्या ट्रिपला तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या मांडीवर मी झोपलेय, त्यामुळे तुम्हाला ओळख सांगायची गरज नाही, पण हे पत्र बाहेरचे लोकही वाचणार आहेत म्हणून सांगते. अक्का म्हणजे माझ्या वडिलांची आई. नगर जिल्ह्यातल्या आपल्या चर्चमध्ये ती लग्न होऊन आली तेव्हापासून शेवटपर्यंत, म्हणजे साठ वर्षांच्या वर. मागच्या वर्षी जानेवारीत ८९व्या वर्षी प्रभूकडे गेली. चर्चचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये, तुमचीही नावं लिहिणार नाही, मला कुणाची बदनामी करायची नाही. आधी दोन वेळा अर्ज दिला, सेक्रेटरीकाकांना घरी जाऊन भेटले, "बघू, मीटिंगमध्ये विषय ठेवू" म्हणाले, सात महिने झाले. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

मागच्या वर्षी पावसाळ्यात मला एक फोन आला. बाजारपेठेतले रद्दीवाले भाई. म्हणाले, ताई, चर्चमधून जुना माल आलाय, खुर्च्या, पंखे आणि कागद, आणि त्यात वह्या आहेत, हे अक्षर आमच्या बाईंचं आहे, तुम्ही येऊन बघा. ते चौथीपर्यंत अक्काच्या वर्गात होते. मी पुण्याहून दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गेले. तेवीस वह्या. महिला संघाची हजेरी, मुठीच्या धान्याचा हिशोब, आजारी लोकांच्या भेटी, शिवणवर्ग, सगळं. १९६८ पासून २०११ पर्यंत. सहा किलो भरल्या होत्या, बारा रुपये किलोने त्यांनी चर्चला ७२ रुपये दिले होते, तेवढेच माझ्याकडून घेतले आणि वर चहा पाजला.

पाळकसाहेब, त्या दुकानात मी रडले नाही, घरी येऊन वह्या उघडल्यावर रडले.

तुमच्यातल्या नवीन लोकांना अक्का म्हणजे पुढच्या बाकावर पांढऱ्या साडीत बसणारी म्हातारी एवढंच माहिती असणार, म्हणून आधी ती कोण होती ते सांगते. जन्म नेवाशाकडचा, वडील मिशनच्या शाळेत मास्तर. जन्मतारीख १ जून १९३५, ही शाळेत घालताना लावलेली, खरी कुणालाच माहिती नव्हती. गावात पाणी वरून ओतून मिळायचं, विहिरीला हात लावायचा नाही, ते तिने शेवटपर्यंत विसरलं नाही आणि कुणाच्याही घरी गेली की आधी पाणी मागायची आणि देणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची. नगरला बोर्डिंगमध्ये राहून सातवीची फायनल पास झाली, ट्रेनिंग केलं, १९५५ मध्ये शिक्षिका म्हणून लागली, आधी मिशनच्या शाळेत मग जिल्हा परिषदेच्या. ३१ मे १९९३ ला रिटायर झाली. अडतीस वर्षं नोकरी. आजोबा १९७९ मध्ये गेले तेव्हा ती ४४ वर्षांची, पदरात चार पोरं, धाकटी आत्या सहावीत. चौघांनाही शिकवलं, एक नर्स, एक एसटीत, एक शिक्षक, आणि माझे वडील बँकेत.

हे सगळं सांभाळून चर्चचं काम. "सांभाळून" हा शब्द आपण फार सहज वापरतो. तिचा दिवस मी पाहिलाय, पहाटे चारला उठून भाकरी, सात ते बारा शाळा, दुपारी बुधवारी आणि शनिवारी महिला संघाच्या खोलीत शिवणवर्ग, गुरुवारी सरकारी दवाखान्यात. दवाखान्यात ती प्रार्थना करायला जायची असं लोकांना वाटायचं, ती करायचीही, पण आधी थर्मासमधून गरम पाणी द्यायची आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रं लिहायची. पेशंट कुठल्या जातीधर्माचा हे वहीत कुठेच नाही, मी तेवीसच्या तेवीस वह्या चाळल्या. नाव, गाव, काय हवंय, एवढंच.

मुठीच्या धान्याचं नव्या पिढीला सांगायला हवं. रोज भाकरीचं पीठ घ्यायच्या आधी एक मूठ ज्वारी किंवा बाजरी, जे घरात असेल ते, वेगळ्या डब्यात टाकायची. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळ्या बायका आपापला डबा चर्चमध्ये आणायच्या. ते धान्य विकून पैसे करायचे किंवा तसंच नडलेल्या घरी द्यायचं. वहीत असं लिहिलेलं आहे : "ज्वारी ७ किलो, बाजरी ३. दोन घरी दिली. एकीकडे बाळंतीण, तिला गूळ वेगळा." कुणाच्या घरी दिली ते मात्र लिहिलेलं नाही. एकदा मी विचारलं होतं तर म्हणाली, त्यांच्या नातवंडांनी वही वाचली तर? म्हणजे कुठलं नाव लिहायचं आणि कुठलं नाही याचा विचार तिने केलेला होता.

१९७२ च्या दुष्काळाची वही सगळ्यात जाड आहे. आपल्या जिल्ह्याला दुष्काळ नवीन नाही पण ७२ चं नाव काढलं की ती पिढी अजून गप्प होते. लोक खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामावर, रेशनला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी, आणि कामावरच्या मजुरांना आणि पोरांना सुकडी नावाचा पौष्टिक खाऊ. अक्का तेव्हा ३७ ची, शाळा सुटली की संघाच्या बायकांना घेऊन कामावर जायची आणि तिथल्या आयांची तान्ही पोरं झाडाखाली सांभाळत बसायची, कारण आई खडी फोडतेय आणि पोर उन्हात पडलंय हे तिला बघवलं नाही. याचे तिला कुणी पैसे दिले नाहीत. वहीत रोजची पोरं मोजलेली आहेत, १४, १९, २२, एका दिवशी ३१. एका तारखेपुढे "एक गेलं" असं लिहिलंय आणि पुढचे चार दिवस कोरे आहेत.

किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरलेली. अक्का रिटायर होऊन चार महिने झाले होते. दहा दिवसांनी ती आणि चार जणी बोचकी घेऊन एसटीने निघाल्या. आम्ही घरात भांडलो तिच्याशी, काय करणार आहेस तिकडे जाऊन म्हणून. परत आल्यावर तिने वहीत काय लिहिलं ते जसंच्या तसं देते : "साड्यांचे ढीग पडले आहेत. पुढच्या वेळी साड्या नकोत. परकर, तवे, काडेपेटी, लहान पोरांच्या चड्ड्या. बायकांना आडोसा नाही, चादरी व दोरी न्यावी." आणि दुसऱ्या खेपेला खरंच तवे नेले, अठ्ठावीस तवे, नगरच्या एका भांडेवाल्याने निम्म्या किमतीत दिले. कुठल्याही सरकारी अहवालाच्या बरोबरीची नोंद आहे ही, आणि ती तुम्ही खुर्च्यांबरोबर विकलीत.

आणखी एक काम होतं ज्याबद्दल कुणीच बोलत नाही. मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, कुणी गेलं की शवपेटीच्या आतलं पांढरं कापड अक्का शिवायची. रात्री-अपरात्री निरोप यायचा, ती मशीन काढायची, पायाची उषा मशीन, आणि आम्ही पोरं त्या आवाजातच झोपायचो. मला लहानपणी वाटायचं सगळ्यांच्या घरी रात्री मशीन चालते. बाई गेलेली असेल तर आंघोळ घालायलाही तीच. तुमच्यापैकी तिघांच्या आयांना तिने शेवटची आंघोळ घातलीय. नावं लिहीत नाही, तुम्हाला माहिती आहे. तिची स्वतःची पेटी पुण्याहून आली, आतून सॅटीनचं तयार अस्तर लावलेली. चांगली होती, मी तक्रार करत नाहीये.

ती कडक होती हेही लिहायला हवं. वचन पाठ नसेल तर संडे स्कूलमध्ये उभं करायची, पट्टीही मारायची, संघात तिच्याशी न पटलेल्या बायका होत्या आणि त्यातल्या एक-दोघींनी चर्च बदललं. तिच्या शब्दाला धार होती. कमिटीतल्या काही जुन्या लोकांना ती धार अजून आठवत असेल आणि म्हणूनच हे सगळं होतंय का अशी शंका मला येते, पण शंकाच आहे, त्यावर मी काही मागत नाही.

माझ्या तक्रारी अशा आहेत.

पहिली, दफनाच्या नोंदवहीत अक्काच्या नावापुढे धंदा या रकान्यात "घरकाम" लिहिलंय. अडतीस वर्षं शिक्षिका असलेल्या, एकतीस वर्षांच्या वर पेन्शन घेतलेल्या बाईला. लिहिणाऱ्याने विचारलंही नाही, बाई आहे म्हणजे घरकाम. आणि रविवारच्या उपासनेत निवेदन झालं तेव्हा "ख्रिस्तवासी अमुक मास्तरांच्या पत्नी" म्हणून झालं. आजोबा जाऊन ४५ वर्षं झाली होती, समोर बसलेल्या निम्म्या लोकांनी आजोबांना पाहिलेलंसुद्धा नाही, आणि त्याच निम्म्या लोकांना अक्काने अक्षरओळख करून दिली होती.

दुसरी, वह्या. ती वर सांगितली.

तिसरी, महिला संघाची खोली. छताच्या दुरुस्तीला पैसे हवे होते, मला मान्य आहे, छत खरंच गळतं आणि मंडळी लहान आहे, अर्पण कमी येतं. म्हणून खोली क्लासवाल्यांना भाड्याने दिली. पण देताना संघाच्या एकाही बाईला विचारलं नाही. तीन मशिनी आणि औषधांचं कपाट व्हरांड्यात काढून ठेवलं, पावसाळाभर ते तिथेच भिजलं, एका मशिनीचं चाक गंजून आता फिरत नाही. ती खोली बांधताना बायकांनी मुठीच्या धान्यातून किती पैसे दिले ते १९८१ च्या वहीत पानभर लिहिलेलं आहे. हवं असेल तर फोटो पाठवते.

चौथी, वर्धापनदिनाची स्मरणिका. ६४ पानं, रंगीत. पाळकांचे फोटो, मिशनरी साहेबांचे फोटो, सेक्रेटरी, खजिनदार, अगदी गेटला रंग देणाऱ्या देणगीदाराचाही फोटो. बायकांचा फोटो एकच, पान ५१, खाली ओळ, "महिला संघाच्या भगिनी चहापानाच्या वेळी". सतरा बायका आहेत त्या फोटोत. एकीचंही नाव नाही. आणि तो चहा त्यांनीच केलेला होता, ३०० लोकांचा.

पाचवी, आणि यावर मी गप्प बसूच शकत नाही. आतल्या भिंतीवर संगमरवरी पाटी लागतेय, स्मरणार्थ नावं कोरायची, आणि नियम केलाय की ५१,००० रुपये आणि त्याच्या वर देणगी देणाऱ्यांच्याच घरातली नावं. मला एका काकांनी प्रेमाने सांगितलं, अगं तुम्ही चौघांच्या घरातून काढा ना, सहज होतील, अक्काचं नाव लागेल. होतील. मी एकटी पण देऊ शकते. पण मी देणार नाही. त्या सतरा बायकांमधल्या किती जणींच्या घरी ५१,००० आहेत? ज्या प्रभूने मंदिरात बसून श्रीमंतांची दानं बघितली आणि नाव काढलं ते दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या विधवेचं, त्याच्या घराच्या भिंतीवर नावाला भाव लावायचा?

तुम्ही म्हणाल, सेवा करणाऱ्याने नाव कशाला मागायचं, उजव्या हाताचं डाव्याला कळू नये. अक्का हेच म्हणाली असती, मला माहिती आहे. पण हे वचन फक्त बायकांच्या वेळीच का आठवतं, खजिनदारांच्या फोटोच्या वेळी का नाही? बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय उघडून बघा. पौलाने जवळजवळ अख्खा अध्याय नावं लिहिण्यात घालवलाय, आणि सुरुवात केलीय फिबीपासून, एका बाईपासून. कुणी श्रम केले ते तो नावानिशी सांगतो. दोन हजार वर्षांनी आपल्याला ती नावं माहिती आहेत कारण कुणीतरी ती लिहिली आणि कुणीतरी तो कागद विकला नाही.

आणि आपण तर नगरवाले. ज्ञानोदय हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ मध्ये इथून सुरू झालं, छापलेल्या कागदाची किंमत आपल्याला दुसऱ्याने सांगायला नको. सिंथिया फॅरार या अविवाहित मिशनरी बाई १८२७ मध्ये अमेरिकेहून मुंबईत उतरल्या, १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये इथेच गेल्या, त्यांची शाळा बघून जोतिराव फुल्यांना प्रेरणा मिळाली हे आपण दर कार्यक्रमात अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवं. पण वाड्यावस्त्यांवर उन्हातान्हात पायी फिरून बायकांना वाचायला शिकवणाऱ्या आपल्याच मराठी बायबल बायका, त्यांची दहा नावं सांगा बरं. मला तीनसुद्धा येत नाहीत. अक्काची आई त्यातलीच एक होती, आणि तिच्याबद्दल आमच्या घरात एकही कागद नाही, फोटो नाही, फक्त तिच्या छत्रीची गोष्ट आहे.

अक्का एकदा दौंडजवळच्या केडगावला, मुक्ती मिशनला जाऊन आली होती (नगरचं केडगाव नव्हे, बाहेरच्यांचा नेहमी घोळ होतो). पंडिता रमाबाईंच्या छापखान्यात बायकाच खिळे जुळवायच्या, बायकाच छापायच्या, हे तिने तिथे ऐकलं आणि परत आल्यावर आम्हाला कितीदा सांगितलं असेल. त्यानंतरच्या वहीत तिने पहिल्यांदा हजेरीबरोबर प्रत्येकीने काय काम केलं तेही लिहायला सुरुवात केली. मला आधी हा बदल लक्षात आला नव्हता, तारखा जुळवल्यावर कळलं.

आता मागण्या. एकूण पाच आहेत आणि एकीलाही फारसे पैसे लागत नाहीत.

दफनाच्या नोंदवहीत "घरकाम" दुरुस्त करून "शिक्षिका" लिहावं, आणि मागच्या वीस वर्षांत गेलेल्या सगळ्याच बायकांच्या नोंदी त्यांच्या घरच्यांना विचारून तपासाव्यात, एकट्या अक्काची नको.

५१,००० चा नियम रद्द करावा. देणगीदारांची पाटी वेगळी लावा, हरकत नाही, त्यांचेही उपकार आहेत. पण स्मरणाच्या पाटीवर नाव यायला पैसा ही अट नको, काम ही अट असू दे, आणि ते कोण ठरवणार त्या समितीत निम्म्या बायका असू द्या.

खोली बुधवारी आणि शनिवारी दुपारी २ ते ५ महिला संघाला परत मिळावी. क्लासवाल्यांशी मी बोललेय, त्यांची बॅच सहानंतर आहे, त्यांना काहीच अडचण नाही. कपाट आणि मशिनी आत घ्याव्यात, गंजलेल्या मशिनीचा खर्च मी करते.

चर्चचा कुठलाही जुना कागद, वही, फोटो यापुढे कमिटीच्या ठरावाशिवाय आणि महिला संघाच्या दोन जणींनी बघितल्याशिवाय बाहेर जाऊ नये. या तेवीस वह्या मी स्कॅन करतेय, नऊ झाल्यात. पूर्ण झाल्या की मूळ वह्या चर्चला परत देईन, पण कुलूपबंद कपाट आणि त्याची एक चावी संघाकडे, हे लेखी मिळाल्यावरच.

आणि स्मरणिकेला एक जास्तीचं पान छापून वाटावं, पान ५१ च्या फोटोतल्या सतरा बायकांच्या नावांचं. छपाईचा खर्च आमचं घर देईल.

नाताळच्या आधीच्या रविवारपर्यंत उत्तर मिळावं. उपासनेनंतर सगळ्यांसमोर वाचून दाखवलं तरी चालेल, नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा पण कारण सांगा. पाळकसाहेब, अक्का शेवटी अॅडमिट होती तेव्हा तुम्ही दोन रात्री बाकड्यावर बसून काढल्यात, ते आमच्यातलं कुणी विसरलेलं नाही. म्हणूनच हे पत्र तुमच्या नावाने आधी लिहिलंय.

महिला संघातल्या मावश्यांनो, तुम्हालाही एक विनंती आहे. मी त्या फोटोतली नावं जुळवतेय. चौदा मिळाली. तिघी राहिल्यात, त्यातल्या दोघी डावीकडे मागे उभ्या आहेत, पदर तोंडावर आलाय. आणि वह्यांमध्ये १९८४ ते १९९० पर्यंत जवळजवळ प्रत्येक बुधवारी एक हजेरी आहे, "नर्सबाईंची सासू". तिने सहा वर्षांत किती गोधड्या शिवल्या ते आहे, ११२, कापडाच्या रंगापासून दोऱ्यापर्यंत सगळं आहे. नाव नाही. अक्कानेसुद्धा लिहिलं नाही. नर्सबाई पुढे बदली होऊन श्रीरामपूरकडे गेल्या एवढं माझ्या वडिलांना आठवतंय. त्या सासूबाईंचं नाव कुणाला माहिती असेल तर मला कळवा.

तुमची,
अक्काची नात